मुलाच्या रक्तात ईबीव्ही निघाला, आता काय करायचे?

वाचकाचे पत्र, संक्षेपाने: ‘माझा सोळा वर्षांचा मुलगा गेल्या महिन्यात तापाने पडला. घसा इतका सुजला की पेजही गिळवेना, गळ्याच्या दोन्ही बाजूंना गाठी आल्या. डॉक्टरांनी ॲमॉक्सिसिलिन दिले, तर अंगभर लाल पुरळ उठले. मग रक्त तपासले. त्यात “अटिपिकल लिम्फोसाइट्स” निघाले आणि पुढच्या तपासणीत “ईबीव्ही व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह, व्हीसीए आयजीजी पॉझिटिव्ह, ईबीएनए आयजीजी निगेटिव्ह” असा अहवाल आला. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. पण मोबाइलवर पाहिले तर हा कर्करोग करणारा हर्पीस विषाणू असून तो शरीरातून कधीच जात नाही, असे लिहिले आहे. सासूबाईंनी त्याचे ताट-भांडे वेगळे केले आहे. घरात माझे धाकटे दीर आहेत, त्यांच्यावर चार वर्षांपूर्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे. विषाणू मारणारे औषध मिळेल का? दर सहा महिन्यांनी तपासणी करावी का? खाऱ्या मासळीनेही असा कर्करोग होतो असे वाचले, ती बंद करावी का? आमची पोल्ट्री आहे, तिथून तर हे आले नसेल? आणि मुलगा फुटबॉल खेळतो, तो पुन्हा मैदानावर केव्हा जाऊ शकेल?’ – एक आई, सत्तरी (गोवा)

ताई, तुमच्या सगळ्या प्रश्नांखाली एकच प्रश्न दडलेला आहे आणि तो तुम्ही पत्रात कुठेही थेट विचारलेला नाही: या मुलाला पुढे कर्करोग होणार का? त्याचे उत्तर आधी देतो. तशी शक्यता फार थोडी आहे. ती किती थोडी आहे हे सांगणारा आकडाही उपलब्ध आहे आणि तो पुढे येईलच. मात्र तो आकडा नीट समजून घ्यायचा तर हा विषाणू शरीरात शिरतो कसा, राहतो कुठे आणि अपाय करतो तो केव्हा, हे सविस्तर पाहावे लागेल. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला योग्यच होता, पण मोबाइलवर एवढे वाचून बसलेल्या आईचे समाधान ‘काळजी करू नका’ या तीन शब्दांनी होत नाही.

तुम्ही वाचलेली दोन्ही विधाने खरी आहेत. एपस्टाइन-बार विषाणू, म्हणजेच ईबीव्ही, हा हर्पीस कुळातला आहे आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये त्याला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले. तो एकदा शिरला की जन्मभर राहतो, हेही खरे. पण याच्या जोडीला तिसरे विधान वाचायला हवे होते, ते असे की जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू असतोच. तुमचे, तुमच्या यजमानांचे, सासूबाईंचे किंवा माझे रक्त तपासले तर व्हीसीए आयजीजी, म्हणजे या विषाणूविरुद्धचे जुने प्रतिपिंड (अँटिबॉडी), जवळजवळ खात्रीने पॉझिटिव्ह निघेल. आपल्याकडे बहुतेकांना तो अगदी लहानपणी मिळतो, आजीने आधी चावून मऊ केलेल्या घासातून, लाडाच्या पापीतून, पोरांनी एकमेकांच्या तोंडातून काढून घेतलेल्या खेळण्यातून. आणि त्या वयात किरकोळ सर्दी-तापापलीकडे, पुष्कळदा तेवढेही, काही जाणवत नाही. तुमच्या मुलाची त्याच्याशी गाठ उशिरा, वयात आल्यावर पडली आणि त्या वयात शरीराची प्रतिक्रिया फार जोरकस असते. त्यातून जो आजार होतो त्याला इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस म्हणतात. जुने डॉक्टर त्याला ग्लँड्युलर फीव्हर म्हणत. सोयीसाठी आपण ‘मोनो’ म्हणू.

‘अटिपिकल लिम्फोसाइट्स’ या शब्दांनी तुमच्या छातीत धस्स झाले असणार, कारण रक्ताच्या कर्करोगाच्या अहवालातही वेगळ्या दिसणाऱ्या पांढऱ्या पेशींचाच उल्लेख असतो. मोनोमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या त्या मोठाड, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी बहुतांशी बाधित पेशी नसतातच. बाधित पेशींना मारण्यासाठी शरीराने झपाट्याने वाढवलेल्या त्या टी पेशी असतात. ताप, सुजलेला घसा, गळ्यातल्या गाठी, महिनाभर रेंगाळणारा थकवा, हे सारे मुख्यतः या पेशींच्या झुंजीचे परिणाम आहेत. अहवालातील तीन ओळींचा अर्थही सरळ आहे. आयजीएम हे ताज्या संसर्गाचे प्रतिपिंड असून काही आठवड्यांत ते ओसरते. व्हीसीए आयजीजी जन्मभर टिकते. ईबीएनए या विषाणूच्याच दुसऱ्या एका प्रथिनाविरुद्धचे आयजीजी मात्र संसर्गानंतर दोन ते चार महिन्यांनी उमटते, म्हणून ते निगेटिव्ह असणे हा तुमच्या मुलाचा संसर्ग नवा असल्याचा पुरावा आहे. पुढे केव्हातरी ते पॉझिटिव्ह आले तर ‘आजार वाढला’ असे समजून घाबरू नका. तसे ते यायलाच हवे.

आता या विषाणूला कर्करोगाचे नाव चिकटले कसे, ते सांगतो. डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यचिकित्सक युगांडात काम करत होते. तेथील लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या एका गाठीचे वर्णन त्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. १९६१ मध्ये लंडनमध्ये त्यांचे व्याख्यान ऐकताना अँथनी एपस्टाइन या संशोधकांना या गाठीमागे विषाणू असावा अशी शंका आली आणि कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे मागवणे सुरू झाले. दोन-अडीच वर्षे हाती काही लागले नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळवावे लागले आणि नमुना उशिरा, गढूळ होऊन पोहोचला. जिवाणूंनी नासला असे समजून तो फेकला जाण्याचाच संभव होता. पण एपस्टाइन यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला तेव्हा तो गढूळपणा प्रवासात हेलकावे खाऊन गाठीपासून सुटलेल्या जिवंत कर्कपेशींचा होता. त्या पेशी द्रवात मोकळ्या वाढू लागल्या आणि १९६४ मध्ये एपस्टाइन, बर्ट अचोंग आणि इव्होन बार यांनी त्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हर्पीस कुळातला एक नवा विषाणू पाहिला. हाच विषाणू मोनोला कारण आहे, हे चार वर्षांनी उमगले. फिलाडेल्फियात गर्ट्रूड आणि वेर्नर हेन्ले यांच्या प्रयोगशाळेतील एका सहायक मुलीच्या रक्तात या विषाणूचे प्रतिपिंड नव्हते. तिला मोनो झाला आणि त्यानंतर ते दिसू लागले. म्हणजे आफ्रिकेतील मुलांच्या भयंकर गाठीत सापडलेला विषाणू आणि कॉलेजच्या मुलांना होऊन आपोआप बरा होणाऱ्या तापाचा विषाणू एकच निघाला. असे का, या प्रश्नाच्या उत्तरातच तुमच्या भीतीचेही उत्तर आहे.

ईबीव्ही लाळेतून घशात येतो. टॉन्सिलमध्ये, पृष्ठभागाच्या लगत, बी पेशी असतात, म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या वंशातल्या पांढऱ्या पेशी. त्यांच्या अंगावर सीडी२१ नावाचा रेणू असतो आणि विषाणूच्या आवरणावरील जीपी३५० हे प्रथिन नेमके त्यालाच चिकटते. आत गेल्यावर विषाणूच्या डीएनएचा सरळ धागा टोकाला टोक जोडून वर्तुळ बनतो आणि पेशीच्या केंद्रकात मुक्काम ठोकतो. आपल्या गुणसूत्रात तो सहसा घुसत नाही. ईबीएनए१ नावाच्या प्रथिनाने गुणसूत्राला बाहेरून बांधलेला राहतो. मांडवीतून जाणाऱ्या बार्जच्या मागे बांधलेली होडी वल्ह्याचा एकही फटका न मारता बार्ज जाईल तिथे जाते, तसा पेशीचे विभाजन झाले की विषाणूचा डीएनएही आपसूक दोन्ही नव्या पेशींत पोहोचतो. त्यासाठी त्याला नवे विषाणूकण तयार करावे लागत नाहीत की पेशी फोडून बाहेर पडावे लागत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत मात्र तो गप्प बसत नाही. नव्याने बाधलेल्या बी पेशीत तो ईबीएनए२, एलएमपी१, एलएमपी२ए अशी अनेक प्रथिने तयार करवून घेतो. त्यांतले एलएमपी१ हे सर्वांत घातक. एरवी बी पेशीला वाढण्याचा आणि जगण्याचा संदेश सीडी४० नावाच्या ग्राहकातून, टी पेशीने मान्यता दिल्यावर, गरजेपुरता मिळतो. एलएमपी१ तोच संदेश कोणाच्याही मान्यतेवाचून आणि अखंड देत राहते. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात, जिथे रोखणारे कोणी नसते, अशा पेशी अमर्याद विभाजत राहतात. माणसाच्या बी पेशी वर्षानुवर्षे वाढत्या ठेवायच्या असतील तर जगभरचे संशोधक आजही हाच विषाणू वापरतात. शरीरात तसे होत नाही, कारण हीच प्रथिने टी पेशींच्या नजरेत भरतात आणि बाधित पेशी धडाधड मारल्या जातात. तुमच्या मुलाच्या गळ्यात गेला महिनाभर नेमके हेच चालले होते.

या संहारातून ज्या थोड्या पेशी वाचतात त्यांच्यात विषाणू हळूहळू आपली सगळी प्रथिने बंद करतो आणि दीर्घायुषी स्मृतिपेशींमध्ये निपचित पडून राहतो. प्रथिन नाही म्हणजे टी पेशींना ओळख पटण्याची खूण नाही, म्हणून त्याला शोधून मारता येत नाही. निरोगी माणसाच्या रक्तात दर दहा लाख बी पेशींमागे साधारण एक ते पन्नास पेशींत तो अशा सुप्त अवस्थेत असतो. अधूनमधून अशी एखादी पेशी प्रतिपिंडे निर्माण करण्याच्या कामाला लागते, तेव्हा विषाणू जागा होतो, त्याचे नवे कण तयार होतात, लाळेत येतात आणि दुसऱ्या कोणाकडे जातात. विषाणूच्या दृष्टीने त्याचे जीवनचक्र इथे पुरे होते. कर्करोग हा या चक्राचा भाग नाही. गाठीतल्या पेशींत बहुतेक वेळा विषाणू सुप्तच असतो, तिथून तो फारसा पसरत नाही आणि रुग्ण दगावला तर त्याच्याबरोबर संपतो.

मग कर्करोग होतो केव्हा? विषाणूच्या जोडीला आणखी काही बिघडते तेव्हा. बर्किटच्या मुलांच्या बाबतीत ते ‘आणखी काही’ म्हणजे वारंवार होणारा फाल्सिपेरम मलेरिया होता. त्याने बी पेशींना सतत चाळवलेले असते आणि टी पेशींचा पहाराही ढिला पडलेला असतो. अशा वेळी विभाजनाच्या गडबडीत आठव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून बहुधा चौदाव्याला जोडला जातो आणि वाढीला चालना देणारे मिक नावाचे जनुक कायमचे चालू राहते. दक्षिण चीनमध्ये आणि आपल्या देशात नागालँडमध्ये जास्त आढळणाऱ्या, नाकामागच्या पोकळीच्या कर्करोगात हाच विषाणू बी पेशींऐवजी अस्तरपेशींत सापडतो. तिथे आनुवंशिक कल, आहार आणि धूम्रपान यांचा हातभार असतो. जठराच्या कर्करोगांपैकी सुमारे दहात एक ईबीव्हीचा असतो. हॉजकिन लिम्फोमा या लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत एलएमपी१ आणि एलएमपी२ए ही प्रथिने, एरवी निरुपयोगी म्हणून मेली असती अशी बी पेशी जगवून ठेवतात. एका अंदाजानुसार २०१८ साली जगभरात ईबीव्हीमुळे झालेले कर्करोग सुमारे एक लाख सत्तावन्न हजार होते. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण तो अब्जावधी बाधितांमधला आहे.

मोनो झालेल्या मुलांपुरते बोलायचे तर प्रश्न हॉजकिन लिम्फोमाचाच उरतो आणि सुरुवातीला म्हटलेला आकडा त्याविषयीचा आहे. डेन्मार्क आणि स्वीडनमधील, मोनो झालेल्या हजारो लोकांच्या नोंदींवरून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की मोनो झालेल्या साधारण एक हजार जणांपैकी एकाला पुढे ईबीव्हीशी संबंधित हॉजकिन लिम्फोमा होतो आणि तो सरासरी चार वर्षांच्या अंतराने. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांना होत नाही. आणि ज्याला होतो त्याच्याही बाबतीत हा कर्करोग बरा होण्याचे प्रमाण चांगले आहे. तेव्हा लक्ष ठेवायचे ते इतकेच: गळ्यातल्या आत्ताच्या गाठी चार-सहा आठवड्यांत ओसरायला हव्यात. त्या न ओसरता वाढत राहिल्या, किंवा पुढच्या काही वर्षांत न दुखणारी, रबरासारखी घट्ट गाठ नव्याने आली, विनाकारण ताप येऊ लागला, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येऊ लागला, वजन उतरू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे आणि मोनोचा इतिहास आवर्जून सांगावा. एरवी त्याच्या गळ्याला रोज हात लावून बघण्याची सवय लावून घेऊ नका. सोळा वर्षांच्या मुलाला त्याचा किती जाच होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दर सहा महिन्यांच्या तपासणीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: करू नका. आयजीजीचा आकडा वर-खाली झाला तरी त्यावरून कर्करोगाविषयी काही कळत नाही. पैसे जातात आणि दर सहा महिन्यांनी घराची झोप उडते. औषधाचेही तसेच. असायक्लोविरसारखी हर्पीसची औषधे विषाणू नवे कण तयार करत असेल तेव्हाच त्याला अडवतात. सुप्त विषाणू त्या कामाला लागलेलाच नसतो, त्यामुळे औषधाचा मारा व्हावा असे तिथे काही नसते. लाळेतले प्रमाण तात्पुरते घटते, आजार लवकर बरा होत नाही. ‘विषाणू मुळासकट काढून टाकणारा’ काढा किंवा कोर्स कोणी सुचवला तर नम्रपणे नाही म्हणा. मोनोमध्ये यकृताला थोडी सूज येतेच आणि गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईतून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहेत. मुलाला पेज, पाणी, विश्रांती आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल पुरे. ॲमॉक्सिसिलिननंतर उठलेले पुरळ मोनोच्या रुग्णांत नेहमी दिसते. तेवढ्यावरून त्याला जन्मभराची पेनिसिलिन ॲलर्जी ठरवू नये, पण पुढच्या वेळी हे औषध देणाऱ्या डॉक्टरांना ही हकीकत सांगावी.

सासूबाईंना सांगा की त्यांनी वेगळे केलेले ताट खुशाल परत मांडणीवर ठेवावे. मोनो होऊन गेलेल्याच्या लाळेत विषाणू कित्येक महिने आणि पुढेही अधूनमधून आयुष्यभर येत राहतो. तसाच तो सासूबाईंच्या स्वतःच्या लाळेतही येत असणार. इतक्या काळाचे सोवळे कोणी पाळू शकत नाही आणि त्याचा उपयोगही नाही. ताप असेपर्यंत एका पेल्यातून दोघांनी पाणी पिऊ नये, एवढे पथ्य पुरेसे आहे.

तुमच्या पत्रात खरे लक्ष देण्याजोगे नाव मुलाचे नाही, दिरांचे आहे, आणि त्यांच्याविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी जी औषधे दिली जातात ती टी पेशींनाच आवरतात, आणि ईबीव्हीवर पहारा ठेवणाऱ्या त्याच टी पेशी. पहारा उठला की काचपात्रात घडते ते शरीरात घडू शकते: बाधित बी पेशी अनिर्बंध वाढतात आणि प्रत्यारोपणोत्तर लिम्फोमा होतो. हा धोका सर्वांत जास्त असतो तो पहिल्या वर्षात आणि ज्याला आधी कधीच ईबीव्ही झालेला नाही अशा रुग्णाला बाधित दात्याचा अवयव मिळतो तेव्हा, म्हणून लहान मुलांत तो अधिक दिसतो. तुमचे दीर प्रौढ आहेत, त्यांना हा विषाणू बहुधा लहानपणीच होऊन गेला असणार. तेव्हा पुतण्यामुळे त्यांना नवा धोका उद्भवला असे मानण्याचे कारण नाही. तरी प्रत्यारोपणापूर्वीच्या फाइलमध्ये त्यांचा ईबीव्ही अहवाल असेल तो काढून पाहा आणि घरात मोनोचा रुग्ण असल्याचे त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टना पुढच्या भेटीपर्यंत न थांबता फोनवर कळवा. त्या अहवालात आयजीजी निगेटिव्ह असेल तर रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील. एरवीही त्यांना न उतरणारा ताप, कुठेही गाठ, वजनातील घट, पोटाची सततची तक्रार किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) अकारण वाढणे यांपैकी काही दिसले तर दिवस घालवू नयेत. हा लिम्फोमा लवकर कळला तर पुष्कळदा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करण्यापासून उपचार सुरू होतात, गरजेनुसार बी पेशी नष्ट करणारे रिटुक्सिमॅब हे औषध दिले जाते. पण हे वाचून त्यांनी स्वतः एकही गोळी कमी करायची नाही. तसे केल्यास आधी मूत्रपिंड जाईल.

दिरांच्या निमित्ताने या कुळातल्या दुसऱ्या कर्करोगकारक विषाणूचाही उल्लेख करतो. माणसाला बाधणाऱ्या हर्पीस कुळात कांजिण्या आणि नागिणीचा विषाणू, ओठावर फोड आणणारा विषाणू, प्रत्यारोपणाच्या रुग्णांना ठाऊक असलेला सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) असे बरेच आहेत. पण कर्करोग करतात असे निर्विवाद ठरलेले दोनच, एक ईबीव्ही आणि दुसरा कपोसी सार्कोमाचा विषाणू. कपोसी या त्वचारोगतज्ज्ञांनी त्वचेवरच्या जांभळट गाठींचा हा विकार व्हिएन्नात १८७२ मध्ये वर्णिला होता, पण त्यामागचा विषाणू युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याला न्यूयॉर्कमध्ये सापडला तो थेट १९९४ मध्ये, एड्सच्या रुग्णाच्या गाठीतला आणि निरोगी कातडीतला डीएनए शेजारी शेजारी ताडून पाहिल्यावर. तोही लाळेतूनच पसरतो, बी पेशींतच लपतो, आणि लाना नावाच्या प्रथिनाने गुणसूत्राला बांधून राहतो. मात्र याने एक वेगळीच चलाखी केली आहे. पेशीविभाजनाला गती देणारी, पेशीचा मृत्यू टाळणारी, दाह वाढवणारी माणसाचीच काही जनुके त्याने उत्क्रांतीच्या ओघात उचलून आपल्या डीएनएत घेतली आहेत आणि ती तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत चालवतो. त्यातून नव्या, गळक्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठी बनतात. आफ्रिकेच्या काही भागांत तो सर्रास आढळतो, भारतात त्याचे प्रमाण कमी आहे. तरीही प्रत्यारोपणाच्या रुग्णाच्या पायांवर किंवा तोंडात न दुखणारे जांभळे-तपकिरी डाग आले तर ते दाखवावेत. अशा वेळी टॅक्रोलिमसऐवजी सिरोलिमस दिल्याने गाठी विरल्याची उदाहरणे आहेत, आणि एचआयव्हीच्या रुग्णांत एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधे) सुरू केल्यावर पहारा परत उभा राहून हा विकार मागे हटतो.

पोल्ट्रीबद्दलची शंका मला आवडली, कारण तिच्यात नकळत एक खरा धागा आला आहे. तुमच्याकडे येणाऱ्या एक दिवसाच्या पिल्लांना हॅचरीत मानेत जी मरेक्सची लस टोचलेली असते, तो मरेक्स रोगही हर्पीस विषाणूचाच आहे. पिसांच्या मुळांतून झडणाऱ्या धुळीतून तो पसरतो, पक्ष्यांचे पाय लुळे पडतात आणि यकृतात, प्लीहेत (पानथरीत) गाठी होतात. तो माणसाला होत नाही आणि ईबीव्ही कोंबड्यांत नसतो, त्यामुळे मुलाच्या आजाराशी तुमच्या धंद्याचा संबंध नाही. पण १९७० च्या सुमारास टर्की पक्ष्यांतील निरुपद्रवी नातलग विषाणूपासून झालेली ही लस म्हणजे कर्करोग रोखणारी पहिली यशस्वी लस मानली जाते. ती संसर्ग पूर्णपणे थांबवत नाही, गाठी मात्र होऊ देत नाही. माणसांसाठी जीपी३५० वर आधारलेल्या एका लसीची चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २००७ मध्ये आला आणि तोही काहीसा असाच होता: मोनोचे प्रमाण सुमारे ७८ टक्क्यांनी घटले, संसर्ग टळला नाही. वापरासाठी मान्यता मिळालेली ईबीव्हीची लस अजून नाही. कोंबड्यांना जे पन्नास वर्षांपूर्वी मिळाले ते माणसांच्या मुलांना अद्याप मिळू नये, याची मला खंत वाटते.

खाऱ्या मासळीविषयी तुम्ही वाचले ते चिनी पद्धतीच्या खारवलेल्या माशांबद्दल आहे. दक्षिण चीनमध्ये तो मासा अगदी तान्ह्या वयापासून भाताबरोबर भरवत आणि त्यातील नायट्रोसअमाइन्सचा तिथल्या कर्करोगाशी संबंध दिसून आला. पावसाळ्यासाठी पुरुमेंतात भरून ठेवलेली आपले सुके बांगडे किंवा सुंगटे (कोळंबी) यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. घसा बरा झाल्यावर मुलाने सुक्या मासळीचे किसमूर खायला हरकत नाही; रोज आणि भरपूर नको, तेही मुख्यतः मिठाच्या कारणाने. या मुलाने सिगारेटला हात लावू नये, ही काळजी मासळीपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

राहिला फुटबॉल, आणि या क्षणी मुलाच्या जिवाला काही धोका असलाच तर तो इथे आहे. मोनोमध्ये प्लीहा सुजते, तिचे आवरण ताणलेले असते आणि पोटावर बसलेल्या कोपराच्या एका फटक्याने ती फुटू शकते. असे क्वचितच घडते, पण घडते ते बहुधा आजाराच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत, म्हणजे ताप उतरून मुलाला बरे वाटू लागते आणि तो बूट शोधू लागतो नेमके तेव्हा. म्हणून आजार सुरू झाल्यापासून किमान चार आठवडे सामना नाही, सराव नाही, जड वजन उचलणे नाही, मोटारसायकलवरून खाचखळग्यांतून भटकणेही नको. त्यानंतर ताप आणि थकवा गेला असेल आणि डॉक्टरांनी पोट तपासून होकार दिला असेल, तर आधी हलके धावणे, मग चेंडूचा सराव आणि शेवटी सामना, असे एकेक पाऊल टाकावे. थकवा रेंगाळला तर आणखी थांबावे; मोनोनंतर काही मुलांना पूर्ववत दम यायला दोन-तीन महिने लागतात. या काळात डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र कळ आली, डावा खांदा कारणाशिवाय दुखू लागला किंवा मुलगा फिकट पडून घेरी आली, तर घरी वाट पाहू नका, १०८ ला फोन करून त्याला सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) न्या आणि कॅज्युअल्टीत शिरतानाच ‘मोनो झाला होता’ हे सांगा.